“तू लाइनमध्ये लाग” – एका शब्दाचे अर्थ तरी किती?

रामबागवाली

मंडळी, गेल्या बुधवारची गोष्ट. सून पुण्याची, लग्नाला जेमतेम आठ महिने झालेत. तिला घेऊन खजराण्याच्या गणपतीला गेले होते. बुधवारची गर्दी, विचारू नका. मी चपला ठेवायला वळले आणि तिला म्हटलं, “तू लाइनमध्ये लाग, मी आलेच.” येऊन बघते तर बाईसाहेब बाजूला उभ्या राहून हसतायत. “आई, लाइनमध्ये ‘लागायचं’ कसं? रांगेत उभं राहतात ना?”

इंदूरला आपण लाइनमध्ये लागतो, हे मला साठ वर्षांत कधी खटकलं नव्हतं. हिंदीतलं ‘लाइन में लगो’ आपल्या मराठीत कधी येऊन बसलं कोण जाणे. पण तिच्या हसण्याने डोक्यात किडा सोडला आणि मी दिवसभर मोजत बसले. रिक्षावाला म्हणाला, पुढे नर्मदेची लाइन फुटलीय, फिरून जावं लागेल. शेजारच्या काकूंच्या होऊ घातलेल्या जावयाची चौकशी केली, “कुठल्या लाइनमध्ये आहे?” तर मेडिकल लाइनमध्ये. पेपरात बातमी, अमुक ठाण्याचा हवालदार ‘लाइन हाजिर’. संध्याकाळी वीज गेली तर फोनवरचा माणूस म्हणे लाइनवर काम चालू आहे. आणि रात्री भाचीने भावाची चुगली केली की हा कॉलेजात अभ्यास सोडून लाइन मारतो.

पस्तीस वर्षं मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. ‘रीड बिटवीन द लाइन्स’, ‘टो द लाइन’, ‘हार्ड लाइन्स’, ‘हुक, लाइन अँड सिंकर’ सगळं घोकून घेतलं मुलींकडून. एकीने ‘ड्रॉप मी अ लाइन’चा अर्थ ‘माझ्याकडे दोरी टाक’ असा लिहिला होता. चार ओळींचं पत्र पाठव, असं हवं होतं. अर्धा गुण कापला. पण पत्र, रांग, धंदा, वीज आणि टवाळी हे सगळं एकाच शब्दात कसं मावतं, हे मी कधी स्वतःला विचारलं नाही. कोणाला ठाऊक असेल तर सांगा.

छावणीचा_भिया

मावशी, बरं झालं तुम्ही विषय काढला. मी पुण्यात शिकायला होतो तेव्हा मेसमध्ये एकदा “मी लाइनमध्ये लागून राहिलोय” म्हणालो. चार वर्षं माझं नाव ‘लागून’ होतं. अजून ग्रुपवर तेच आहे.

पेठकर

हसणाऱ्या सूनबाईंचं काही चुकलेलं नाही. मंदिरात रांग असते, वहीत ओळ असते, पाटीवर रेघ, भूमितीत रेषा, जेवायला पंगत, रणांगणावर फळी. जावई व्यवसायात असतो, पाणी नळातून येतं. इतके नेमके शब्द पदरात असताना सगळीकडे एकच लाइन ठोकून द्यायची याला मी आळस म्हणतो. इंग्रजांकडे शब्द नव्हते म्हणून त्यांनी एकाला दहा कामं लावली. आपल्याला तशी गरज काय?

मांडवीकर

बडोद्याहून हजेरी. आमच्याकडे लग्नाच्या चौकशीत पहिला प्रश्न तोच, “कई लाइनमां छो?” मराठी घरांतही.

पेठकर, इंग्रजांकडे शब्दांचा दुष्काळ होता म्हणता, पण दहा कामं करणारे शब्द तर सगळेच. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत ‘सेट’ या एका क्रियापदाचे ४३० अर्थ होते. पुढे नव्याने काम झालं तेव्हा ‘रन’ क्रियापदाने त्याला मागे टाकलं, ६४५. त्या मानाने लाइन बिचारी साधी आहे.

ओळंबा

मी बांधकामाच्या लाइनमधला (पेठकरांनी क्षमा करावी). आमच्या गवंड्याकडे थापी, रंधा, ओळंबा आणि लाइनदोरी या चार गोष्टी असल्या की भिंत उभी राहते. लाइनदोरी म्हणजे दोन टोकांना खिळे ठोकून ताणलेली सुताची दोरी. विटेचा थर तिला धरून लावत जायचा. दोरी सैल पडली की भिंतीला पोट येतं. आता गंमत बघा, त्या भिंतीला कोणी ‘लाइन’ म्हणत नाही, दोरीला म्हणतात. तुमच्या त्या विद्यार्थिनीने दोरी लिहिलं तर मला त्यात फार मोठी चूक दिसत नाही.

जवसाची_चटणी

ओळंबांनी नकळत मुळावरच बोट ठेवलंय.

लॅटिनमध्ये ‘लिनुम’ म्हणजे जवस. होय, तेच आपलं जवस, इथले लोक अलसी म्हणतात ते. आपण त्याचं बी खातो आणि तेल काढतो, पण युरोपात उंच वाढणाऱ्या जाती लावून देठातून तंतू काढत आले. त्या तंतूचं कापड लिनन. आणि त्या तंतूपासून वळलेला दोरा ‘लिनेआ’. हाच शब्द काही थेट लॅटिनमधून, काही फ्रेंचमार्गे इंग्रजीत येऊन ‘लाइन’ झाला. जुन्या इंग्रजीत त्याचा पहिला अर्थ दोर किंवा दोरखंडच आहे. रेघ नंतरची.

म्हणजे क्रम असा लागतो. आधी दोरी. दोरी ताणली की ती सरळ होते, म्हणून सरळ खूण, म्हणजे रेघ. रेघेवर माणसं उभी केली की रांग, अक्षरं उभी केली की ओळ. दोन गावांमधली रेघ म्हणजे वाट, मग त्या वाटेवर गाडी, तार, पाणी काहीही जाऊ दे. ‘हुक, लाइन अँड सिंकर’मध्ये तर ती अजून दोरीच आहे: गळ, दोरी आणि खाली बांधलेलं शिसं. मासा हे तिन्ही गिळून बसला, म्हणजे थाप पुरती पचली. आपण नुसतं ‘गळाला लागला’ म्हणून थांबतो.

धंद्याची लाइन कुठून आली ते त्याहून मजेचं. १६११च्या इंग्रजी बायबलात ‘लाइन’ म्हणजे जमीन मोजायची दोरी, आणि त्या दोरीने मोजून ज्याच्या त्याच्या वाट्याला आलेला तुकडा. सोळाव्या स्तोत्रात माझ्या दोऱ्या चांगल्या जागी पडल्या, अशा अर्थाची ओळ आहे. म्हणजे मला चांगली जमीन मिळाली. आपल्या वाट्याचा तुकडा तो आपला कामाचा प्रांत, असा अर्थ पुढे सरकला असं कोशकारांचं मत आहे. नवल वाटायला नको, आपणही ‘वैद्यकीय क्षेत्रात आहे’ म्हणतोच की. क्षेत्र म्हणजे तरी काय, शेत!

छावणीचा_भिया

धाग्यात धागा निघाला! दंडवत घ्या.

अवांतर: चटणीची कृती पण टाका ना.

जवसाची_चटणी

जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचे, लसूण, तिखट, मीठ, थोडं जिरं, आणि खलबत्त्यात. मिक्सरमध्ये जास्त फिरवलंत तर तेल सुटून गोळा होतो. धागा भरकटवू नका आता.

सुईदोरा

राजेंद्र नगरात माझं शिवणाचं दुकान आहे. एक शंका. ब्लाउजला आम्ही ‘लायनिंग’ लावतो ते पण यातलंच का? की ते वेगळं?

जवसाची_चटणी

यातलंच. लोकरीचा कोट अंगाला टोचतो म्हणून आतून लिननचं कापड लावायचे. ‘लाइन करणे’ म्हणजे लिनन लावणे, म्हणजेच अस्तर लावणे. मग अस्तर कशाचंही असो, क्रियापद तेच राहिलं. खिसे ‘लाइन’ करणे म्हणजे खिशाला आतून पैशाचं अस्तर, आपल्या भाषेत हात ओले करून घेणे. लाँजरी हा फ्रेंच शब्दही लिननचाच नातेवाईक.

सुईदोरा

मग मला एक सांगायचंय, अगदी दुकानातलं. पेपरात नेहमी लिहितात, काळ्या ढगाला रुपेरी कडा. इंग्रजीतलं ‘सिल्व्हर लायनिंग’ ना ते? पण लायनिंग म्हणजे कडा नव्हे! कडेला लावतात ती पट्टी, गोट किंवा पायपिंग. लायनिंग आतून असतं, ते दिसायचंच नसतं. गिऱ्हाईक जेव्हा म्हणतं “ताई, अस्तर बाहेर दिसतंय,” तेव्हा ती तक्रार असते.

म्हणजे मूळ म्हणीत ढग म्हणजे एक काळा कोट आहे आणि त्याला आतून चांदीचं अस्तर आहे. वरून काळं दिसतं, पण सूर्याच्या बाजूने पूर्ण कापडच चांदीचं. आपल्याला फक्त कडेने जरा डोकावतं. आपण भाषांतर करताना अस्तर फाडून नुसता गोट ठेवला. किती तोटा झाला बघा, अख्ख्या मीटरचा.

रामबागवाली

सुईदोरा, पस्तीस वर्षं मी ‘रुपेरी कडा’ फळ्यावर लिहिली. आज पहिल्यांदा त्या ढगाची शिवण दिसली.

पेठकर

‘रुपेरी किनार’ मराठीत इतकी रुळली आहे की आता ती चूक नाही. किनार डोळ्याला दिसते, अस्तर दिसत नाही. मराठी माणसाने जे दिसलं ते लिहिलं. मात्र शिवणाचा मुद्दा उत्तम आहे, हे मान्य.

तिरपी_फिरकी

क्रिकेटवाल्यांना विसरू नका. गोलंदाजाची ‘लाइन अँड लेंग्थ’. मराठी समालोचनात दिशा आणि टप्पा म्हणतात, आणि पेठकरांच्या बाजूने मत द्यायचं तर ‘टप्पा’ हा ‘लेंग्थ’पेक्षा कितीतरी नेमका शब्द आहे, चेंडू खरंच तिथे टप्पा घेतो. पण ‘दिशा’ मला पटत नाही. दिशा चार असतात, फार तर दहा. लाइन म्हणजे यष्टीपासून बोटभर बाहेर की दोन बोटं बाहेर, तेवढाच प्रश्न. तिथेही ती ताणलेली अदृश्य दोरीच आहे.

आमच्या शहरात हे समजावून सांगावं लागत नाही. होळकर संघाने १९४५-४६, ४७-४८, ५०-५१ आणि ५२-५३ असा चार वेळा रणजी करंडक घरी आणला, सी. के. नायडूंच्या काळात. आणि इथेच घडलेल्या नरेंद्र हिरवाणींनी १९८८ साली मद्रासला पहिल्याच कसोटीत वेस्ट इंडिजचे १६ गडी काढले, १३६ धावांत. समोरचे पुढे सरसावून दोरीच्या बाहेर मारायला जात होते आणि यष्टीरक्षक किरण मोरे मागे यष्टी उडवत होते.

आता मासला ऐका. नवी बॅट आणली की वडील तिला काय चोळायला लावायचे? अलसीचं तेल. पातळ थर, रात्रभर आडवी ठेवायची. म्हणजे गोलंदाजाच्या हातात जवसाचा दोरा आणि फलंदाजाच्या हातात जवसाचं तेल. दोघं एकाच शेतातले.

ओळंबा

वा! हे बॅटवालं बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणे घरातल्या दारांना पण तेच तेल लावा एकदा, करकरतायत.

पाताळपाणी

रेल्वेत ३४ वर्षं काढली, त्यामुळे आमच्या लाइनबद्दल मीच लिहिणार.

इंदूरला ‘लाइन’ आली ती होळकरांच्या पैशाने. दुसरे तुकोजीराव होळकर यांनी १८७०मध्ये इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, खंडव्याहून आपल्या राजधानीपर्यंत मीटर गेज टाकायला, आणि जमीन फुकट. कर्ज संस्थानाने सरकारला दिलं, उलटं नाही, हे नीट वाचा. १८७६मध्ये नर्मदेवरचा पूल खुला झाला आणि मग घाट चढून गाडी महूमार्गे इंदूरला. जुनी माणसं रेल्वे म्हणायचीच नाहीत, ‘लाइनीपलीकडे राहतो’ म्हणायची. लोकमान्य नगर, राजेंद्र नगर ही आपली मराठी वस्ती त्याच महूच्या लाइनीला धरून आहे, दोन्हीकडे स्टेशनं आहेत. घाटातला पाताळपाणी ते कालाकुंड तुकडा आता हेरिटेज गाडी म्हणून चालतो, २०१८च्या नाताळापासून. पावसाळ्यात जा.

रेल्वेची भाषा कचेरीत कशी शिरली तेही सांगतो. स्टेशनात मुख्य मार्गाच्या बाजूला जो फाटा असतो तो लूप लाइन. मालगाडी तिथे उभी करायची आणि मेल पुढे काढायची. आमच्या प्रदेशात एखाद्या साहेबाची बदली बिनकामाच्या जागी झाली की लोक म्हणतात “साहब लूप लाइन में चले गए.” याहून नेमकी उपमा मला मराठीत सुचत नाही, कारण त्यात अपमानही आहे आणि आशाही. लूप लाइन पुढे परत मेन लाइनला मिळते!

रामबागवाली ताई, तुमच्या हवालदाराचं ‘लाइन हाजिर’. फौजेच्या छावणीत शिपायांच्या खोल्या सरळ ओळीत बांधत, त्या ओळींना ‘लाइन्स’ म्हणत. १८१८च्या मंदसौरच्या तहानंतर महूला छावणी पडली, तिथे अशा लाइन्स उभ्या राहिल्या. तेच नाव पोलिसांच्या वस्तीला लागलं, आपली डीआरपी लाइन. ठाण्यातून काढून ‘जा, लाइनीत जाऊन हजर हो’ असा हुकूम म्हणजे लाइन हाजिर. आजकाल पेपरवाले ‘लाइन अटैच’ लिहितात. शिक्षा अशी नाही, पण ठाण्यातली खुर्ची गेली ना.

डीपी_उडाली

वीज कंपनीतून. आमच्याकडे “लाइन चालू आहे का” याचा अर्थ तारेला हात लावला तर मराल का, एवढाच. बाकी शंका लाइनमनला विचारा, तो खांबावर आहे.

नर्मदेच्या लाइनीबद्दल: १९७८ला पहिल्यांदा नर्मदाकाठच्या जलूदहून इंदूरला पाणी आलं, सुमारे सत्तर किलोमीटर, आणि तेही डोंगर चढवून. माझ्या आजीसाठी नर्मदा म्हणजे ओंकारेश्वरची नदी नव्हतीच, सकाळी सहाला मोरीत येणारी बाई होती. “नर्मदा आली, उठा!”

शिळाप्रेस

जरा उशिरा आलो. ऐन उमेदीत मी छापखान्यात खिळे जुळवायचो. आमच्या धंद्यात जितक्या लाइनी तितक्या रेल्वेतही नसतील: हेडलाइन, बायलाइन, डेटलाइन. पण खरी वाचण्यासारखी गोष्ट आहे ती डेडलाइनची.

अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६४ साली, जॉर्जियात अँडरसनव्हिल इथे पकडलेल्या सैनिकांसाठी एक तळ होता. उंच कुंपणाच्या आत काही फुटांवर लाकडी पट्ट्यांची एक साधी आडवी रांग. कैद्याने ती ओलांडली, नुसता हात पलीकडे नेला, तर वरून पहारेकरी गोळी घालायचा. तिचं नाव ‘डेड लाइन’. तळाच्या प्रमुखावर, हेन्री वर्झवर, १८६५मध्ये खटला चालला आणि त्याला फाशी झाली. त्या खटल्यामुळे हा शब्द पेपरात गाजला. पुढे विसाव्या शतकात छापखान्यात यंत्राच्या पाट्यावर एक रेघ असायची, तिच्या बाहेरचा मजकूर नीट उठायचा नाही, तीही डेड लाइन. आणि मग बातमी देण्याची शेवटची वेळ. आज पोरं “डेडलाइन उद्याची आहे” म्हणत पोहे खात बसतात. गोळी घालणारं कोणी नाही ना!

दुसरं, लाइनोटाइप. ऑटमार मर्गेनथालर नावाच्या जर्मन घड्याळजीने हे यंत्र केलं, १८८६मध्ये न्यूयॉर्क ट्रिब्यूनमध्ये बसवलं. एकेक खिळा वेचण्याऐवजी कळा दाबायच्या आणि वितळलेल्या शिशाची अख्खी ओळ ओतून बाहेर. ‘लाइन ऑफ टाइप’ म्हणून लाइनोटाइप. एक अक्षर चुकलं तर पूर्ण ओळ परत ओतायची. आमच्या हातजुळणीत चुकलेला खिळा चिमट्याने काढून दुसरा बसवला की झालं. म्हणून मी कधी त्या यंत्राचा हेवा केला नाही. बरं, ‘रीड बिटवीन द लाइन्स’ मात्र आम्ही शब्दशः करायचो, ओळींच्या मधे पातळ शिशाच्या पट्ट्या घालून. त्या पट्ट्यांवर काही छापलेलं नसतं, तरी त्यांच्याशिवाय मजकूर वाचता येत नाही.

छावणीचा_भिया

आणि ‘लाइन मारणे’? मावशींच्या भाच्याची बाजू घ्यायला कोणी येऊन राहिलं का? माझा अंदाज, टेलिफोनची लाइन टाकायची, तशी नजरेची. समोरून उत्तर आलं की “लाइन देऊन राहिली.” नाही आलं तर लाइन एंगेज.

जवसाची_चटणी

इंग्रजीतही मुलीशी ओळख काढायला ठरवून म्हटलेल्या वाक्याला ‘लाइन’च म्हणतात, नाटकातल्या नटाच्या ओळीसारखी. पण आपल्याकडची लाइन मुकी आहे, डोळ्यांनीच मारायची. तुझा टेलिफोन मला जास्त पटतोय, पण हे सुतावरून स्वर्ग गाठणं झालं.

पेठकर

थांबा. चटणीताई, तुम्ही सहज लिहून गेलात, ‘सुतावरून स्वर्ग’. काल रात्री हे वाचल्यापासून मला झोप नाही, कारण माझ्याच विरुद्ध पुरावा माझ्याच भाषेत सापडतो आहे.

सूत म्हणजे कापसाचा धागा. सुतार लाकडावर रंगवलेलं सूत ताणून टिचकी मारतो, सरळ रेघ उठते. इंचाचा आठवा भाग तो एक सूत, म्हणजे माप आलं. ‘सुतासारखा सरळ करीन’, म्हणजे शिस्त आली, इंग्रजीत ‘टो द लाइन’ करायला लावणे. दोघांचं ‘सूत जुळलं’, म्हणजे भियाचा लाइनवाला मुद्दा, फक्त जरा बरा निकाल. संस्कृतात सूत्र: आधी धागा, मग थोडक्या शब्दांतला नियम, गणितातलं सूत्र, नाटकाचा सूत्रधार, आणि आता रोजच्या पेपरात ‘सूत्रांनी सांगितले’. वेदी मोजायच्या शुल्बसूत्रांत तर शुल्ब म्हणजे दोर आणि सूत्र म्हणजे धागा, नावाला दोन्ही बाजूंनी दोरीच.

इंग्रजांनी जवसाच्या दोऱ्याचं जे केलं ते आपण कापसाच्या दोऱ्याचं कधीच करून बसलो होतो. मी पहिल्या प्रतिसादात ‘आपल्याला तशी गरज काय’ लिहिलं ते मागे घेतो.

आळसाचा आरोप मात्र मागे घेत नाही. ‘ओळ’ हा शब्द ‘आवली’पासून आला, दीपावलीतली आवली तीच. दिव्यांची ओळ ती दिवाळी. पंक्ती मूळची पाचांची, पाचावरून तिचं नाव, तिचीच पंगत. हे शब्द हातातून सुटले तर ते सुटलेच. मंदिरात हवं तर लाइनमध्ये लागा, पण पंगतीत लाइन नको. पंगतीत आग्रह असतो, लाइनमध्ये नंबर.

ओळंबा

पेठकर, मागे घेतलं हे लिहायला धाडस लागतं. सलाम. एक दुरुस्ती, सुतार आता सूत रंगवत नाहीत, निळ्या पावडरची डबी मिळते. टिचकी मात्र तीच.

पाताळपाणी

‘टो द लाइन’ निघालंच आहे तर कोणी सांगेल का, ते ब्रिटिश संसदेतल्या गालिच्यावरच्या लाल रेघांवरून आलं हे खरं का? दोन पक्षांमध्ये तलवारीचं अंतर वगैरे.

जवसाची_चटणी

गोष्ट छान आहे, पण शब्दांचे अभ्यासक ती मानत नाहीत. जुना वाक्प्रचार ‘टो द मार्क’ असाही आहे. शर्यतीला किंवा कवायतीला पायाची बोटं खुणेला टेकवून उभं राहायचं, एवढंच.

यातली इंग्रजी गडबड अशी की पायाचं बोट आणि ओढणे या दोन्हींचा उच्चार ‘टो’. त्यामुळे इंग्रज स्वतःच चुकीचं स्पेलिंग लिहून दोरी ओढत बसतात. देवनागरीत लिहिलं की चूक दिसतच नाही, आपली सुटका. आणि तिसरं एक ‘टो’ आहे: जवस विंचरताना खाली पडणारे आखूड, खरबरीत तंतू. म्हणजे ‘टो’ आणि ‘लाइन’ दोन्ही एकाच रोपातून निघू शकतात. इथे मी थांबते, नाहीतर पेठकरांची आजचीही झोप जाईल.

मांडवीकर

एक छोटी भर. इंग्रज खलाशी विषुववृत्ताला नुसतं ‘द लाइन’ म्हणतात. आणि तुमच्या शेजारचं उज्जैन? सूर्यसिद्धान्तात लंकेपासून अवंतीवरून जाणारी मध्यरेखा धरून गणित केलंय. ग्रीनिचच्या कितीतरी आधी इंदूरपासून पंचावन्न किलोमीटरवर लाइन आखलेली होती. रेखांशातली ‘रेखा’ तीच, आणि रेखेचीच घासून घासून ‘रेघ’ झाली.

छावणीचा_भिया

म्हणजे जगातली पहिली लाइनमध्ये लागणारी माणसं आम्हीच. पुण्याच्या ग्रुपवर टाकतो.

रामबागवाली

सगळ्यांचे आभार. सुनेला पूर्ण धागा वाचून दाखवला. तिने सुईदोरांचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला आणि कपाटातून कोट काढून आतलं अस्तर बघितलं. पॉलिएस्टर निघालं.

भाच्याला ‘लाइन मारणे’वरची चर्चा दाखवलेली नाही.

राहिली ती ‘माझ्याकडे दोरी टाक’वाली. वाक्प्रचार म्हणून तिचं उत्तर आजही चूकच, पण शब्दाचं मूळ तिला ठाऊक होतं, निदान हाताला लागलं होतं. शाळेच्या जुन्या मुलींच्या ग्रुपवरून तिचा नंबर मिळाला, मेसेज केला, “तुझा अर्धा गुण माझ्याकडे बाकी आहे.” दहा मिनिटांत उत्तर आलं: “बाई, त्या अर्ध्या गुणाने माझा पहिला नंबर गेला होता. आता कोणाकडून काढून घेणार?”

तेव्हा पहिली आली तिचाही नंबर आहे त्याच ग्रुपवर. बघते काय करायचं ते.